दहशतवादी हल्ल्यानंतरचा निवडणूक प्रचार, पोलीस यंत्रणा आणि सुरक्षा : ब्रिटनमधील २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

निवडणूक हा लोकशाही शासनव्यवस्थेचा प्राण मानला जातो. निवडणुकीच्या काळात राज्यकर्त्यांना जनतेसमोर उभे राहून आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागतो, तर विरोधी पक्षांना त्या कारभारावर टीका करण्याची व पर्याय मांडण्याची मोकळीक मिळते. सभा, पदयात्रा, घरोघरच्या भेटी आणि वादविवाद ही या प्रक्रियेची साधने होत. ही सर्व साधने मोकळ्या वातावरणावर व लोकांच्या गर्दीवर अवलंबून असतात. दहशतवादी नेमके याच मोकळेपणाला व गर्दीला लक्ष्य करतात. म्हणूनच निवडणुकीच्या ऐन धामधुमीत दहशतवादी हल्ला झाल्यास शासनसंस्थेसमोर दुहेरी पेच निर्माण होतो. नागरिकांच्या जीविताचे रक्षण करण्यासाठी बंदोबस्त वाढवावा, तर प्रचाराचे स्वातंत्र्य आकुंचन पावते. प्रचार पूर्ववत चालू ठेवावा, तर सुरक्षा यंत्रणेवर ताण येतो आणि मृतांविषयी अनादर झाल्याची भावना निर्माण होते.

या पेचाला आणखी एक बाजू आहे. हल्ला रोखण्यात शासन कमी पडले काय, पोलीसबळ पुरेसे होते काय, गुप्तवार्ता यंत्रणेने चूक केली काय, हे प्रश्न मतदाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे असतात. ते प्रचारात उपस्थित केले तर दुःखाचे राजकारण केल्याचा आरोप होतो, आणि न केले तर राज्यकर्ते उत्तरदायित्वातून सुटतात. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. या निवडणुकीच्या प्रचारकाळात दोन मोठे दहशतवादी हल्ले झाले, दोनदा प्रचार थांबविण्यात आला आणि तरीही मतदान ठरलेल्या दिवशीच पार पडले. तुलनेसाठी स्पेन व भारत या देशांतील अनुभवांचाही थोडक्यात परामर्श घेतला आहे.

२. घटनाक्रम

ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी १८ एप्रिल २०१७ रोजी मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली. त्या वेळी लागू असलेल्या २०११ च्या निश्चित मुदत संसद कायद्यानुसार अशा निवडणुकीसाठी कॉमन्स सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती आवश्यक होती. दुसऱ्याच दिवशी ५२२ विरुद्ध १३ मतांनी ती मिळाली. ३ मे रोजी संसद विसर्जित झाली आणि ८ जून हा मतदानाचा दिवस ठरला. तत्पूर्वी २२ मार्च रोजी वेस्टमिन्स्टर पुलावर व संसदेच्या आवारात हल्ला होऊन एका पोलीस कर्मचाऱ्यासह पाच जणांचा बळी गेला होता. म्हणजेच निवडणुकीची घोषणा झाली तेव्हा देशातील सुरक्षेचे वातावरण आधीच तणावाचे होते.

२२ मे २०१७ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास मँचेस्टर अरीना येथील संगीत कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांमध्ये एका आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट घडविला. त्यात २२ जण मृत्युमुखी पडले व शेकडो जखमी झाले. मृतांमध्ये लहान मुले व किशोरवयीन मुली होत्या. प्रमुख राजकीय पक्षांनी त्याच रात्रीपासून राष्ट्रीय पातळीवरील प्रचार स्थगित केला. २३ मे रोजी देशातील धोक्याची पातळी सर्वोच्च श्रेणीपर्यंत वाढविण्यात आली. २५ मे रोजी सकाळी अकरा वाजता देशभर एक मिनिट मौन पाळण्यात आले आणि त्यानंतर स्थानिक पातळीवरील प्रचार हळूहळू सुरू झाला. राष्ट्रीय प्रचार २६ मे रोजी पुन्हा सुरू झाला. २७ मे रोजी धोक्याची पातळी एका श्रेणीने खाली आणली गेली.

यानंतर आठवडाभरातच, ३ जूनच्या रात्री, लंडन ब्रिज व बरो मार्केट या परिसरात तिघा हल्लेखोरांनी प्रथम वाहनाने पादचाऱ्यांना चिरडले व नंतर चाकूहल्ला केला. त्यात आठ जण ठार व ४८ जण जखमी झाले. पहिला दूरध्वनी आल्यापासून आठ मिनिटांत सशस्त्र पोलिसांनी तिन्ही हल्लेखोरांना ठार केले. मतदान अवघ्या पाच दिवसांवर आले होते. बहुतेक पक्षांनी ४ जून रोजी एक दिवस प्रचार थांबविला. युनायटेड किंगडम इंडिपेंडन्स पक्षाने मात्र थांबण्यास नकार दिला. मतदान ठरल्याप्रमाणे ८ जूनलाच होईल, असे पंतप्रधानांनी त्याच दिवशी स्पष्ट केले.

३. मतदानाची तारीख कायम ठेवण्याचा निर्णय

दोन हल्ले होऊनही मतदान पुढे ढकलण्यात आले नाही, यामागे कायदेशीर व तात्त्विक अशी दोन्ही कारणे आहेत. ब्रिटनमध्ये एखाद्या मतदारसंघातील मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचा मृत्यू झाल्यास तेथील मतदान नव्याने घेण्याची तरतूद आहे. परंतु दहशतवादी हल्ल्याच्या कारणावरून संपूर्ण देशातील मतदान पुढे ढकलण्याचा सर्वसाधारण अधिकार कोणत्याही निवडणूक अधिकाऱ्याला नाही. २००१ साली गुरांमधील लाळखुरकताच्या साथीमुळे स्थानिक निवडणुका ३ मे ऐवजी ७ जून रोजी घेण्यात आल्या, पण त्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला होता. २०१७ मध्ये संसद विसर्जित झालेली असल्याने असा कायदा करण्याचा मार्ग सहजपणे उपलब्ध नव्हता.

तात्त्विक कारण अधिक महत्त्वाचे आहे. हल्ल्यामुळे मतदानाची तारीख बदलली, तर देशाचे राजकीय वेळापत्रक ठरविण्याची शक्ती हल्लेखोराच्या हाती गेल्यासारखे होते. शिवाय पुढे ढकललेल्या तारखेपर्यंत दुसरा हल्ला होणार नाही, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. ब्रिटनच्या राजकीय परंपरेत या भूमिकेला पूर्वाधार आहे. ३० मार्च १९७९ रोजी संसदेच्या वाहनतळावर झालेल्या बॉम्बस्फोटात हुजूर पक्षाचे खासदार एअरी नीव्ह यांची हत्या झाली. त्याच्या दोन दिवस आधी सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव संमत झाला होता. तरीही निवडणूक ३ मे रोजी पार पडली. ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रायटन येथील स्फोटात पंतप्रधान मार्गारेट थॅचर थोडक्यात बचावल्या, तेव्हा त्यांच्या पक्षाचे अधिवेशन त्याच दिवशी सकाळी नियोजित वेळेवर सुरू झाले. १६ जून २०१६ रोजी युरोपीय संघाविषयीच्या सार्वमताच्या आठवडाभर आधी मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांची हत्या झाली. त्या वेळी प्रचार सुमारे तीन दिवस थांबला, परंतु २३ जूनचे मतदान कायम राहिले. प्रचार थांबवावा, मतदान थांबवू नये, असा संकेत या घटनांमधून रूढ होत गेला, असे म्हणता येईल.

४. प्रचारस्थगिती : संकेत आणि त्यातील विषमता

प्रचार थांबविण्याचा निर्णय हा कायद्याने लादलेला नसून पक्षांनी स्वेच्छेने घेतलेला असतो. त्याचे तीन उपयोग दिसून येतात. पहिला उपयोग मानवी स्वरूपाचा आहे : मृतांच्या कुटुंबीयांना शोक करण्यास अवकाश मिळतो. दुसरा उपयोग प्रशासकीय आहे : सभा व नेत्यांचे दौरे थांबल्यामुळे तेथील बंदोबस्तावरील पोलीस तपासासाठी व संवेदनशील स्थळांच्या रक्षणासाठी मोकळे होतात. तिसरा उपयोग राजकीय आहे : वस्तुस्थिती स्पष्ट होण्यापूर्वी उतावीळपणे केल्या जाणाऱ्या आरोपप्रत्यारोपांना आळा बसतो.

तथापि या स्थगितीत एक अंगभूत विषमता आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. प्रचार थांबला तरी सरकार थांबत नाही. मंत्री आपापल्या पदावर असतात. आपत्कालीन समितीच्या बैठका होतात. पंतप्रधान आपल्या निवासस्थानासमोरून राष्ट्राला उद्देशून निवेदन करतात. विरोधी पक्षनेता मात्र त्या काळात केवळ एका स्थगित प्रचाराचा उमेदवार असतो. ४ जून २०१७ रोजी थेरेसा मे यांनी केलेल्या निवेदनात केवळ शोक व धीर नव्हता. अतिरेकी विचारसरणीचा मुकाबला, आंतरजालावरील नियंत्रण आणि दहशतवादविषयक शिक्षांचा फेरविचार असे धोरणात्मक मुद्देही त्यात होते. प्रचार स्थगित असताना अशी मांडणी करणे योग्य होते काय, असा प्रश्न त्या वेळी उपस्थित झाला. दुसऱ्या बाजूने असाही युक्तिवाद करता येतो की, हल्ल्यानंतर सरकार पुढे काय करणार हे जनतेला सांगणे पंतप्रधानांचे कर्तव्यच होते. पदाचे कर्तव्य आणि पक्षाचा प्रचार यांतील सीमारेषा अशा प्रसंगी पुसट होते. स्थगिती जितकी लांबेल तितका या विषमतेचा लाभ सत्ताधारी पक्षाला मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून स्थगिती अल्पकाळाची असावी, या मताला केवळ व्यावहारिक नव्हे, तर न्याय्यतेचाही आधार आहे.

स्थगितीचा एक अप्रत्यक्ष परिणामही नोंदवावा लागेल. २२ मे रोजी दिवसा हुजूर पक्षाला वृद्धांच्या देखभालीच्या खर्चाविषयीच्या आपल्या जाहीरनाम्यातील योजनेत बदल जाहीर करावा लागला होता आणि त्यावर तीव्र वाद सुरू झाला होता. त्याच रात्री मँचेस्टरचा हल्ला झाला व हा वाद काही दिवसांसाठी मागे पडला. प्रचारस्थगितीमुळे केवळ सभा थांबत नाहीत, तर मतदारांसमोर चालू असलेली एखादी चर्चाही मध्येच खंडित होते.

५. पोलीस यंत्रणा व लष्कर यांची भूमिका

ब्रिटिश पोलीस व्यवस्थेचा पाया १८२९ साली रॉबर्ट पील यांनी घातला. लोकांच्या संमतीवर आधारलेले पोलीसकार्य आणि दैनंदिन कारवाईबाबत मंत्र्यांपासून स्वातंत्र्य ही तिची दोन वैशिष्ट्ये मानली जातात. बहुसंख्य पोलीस कर्मचारी आजही बंदूक बाळगत नाहीत. अशा व्यवस्थेत हल्ल्यानंतर सशस्त्र पोलिसांची गरज एकाएकी वाढते, तेव्हा मनुष्यबळ कोठून आणावयाचे हा प्रश्न निर्माण होतो.

२३ मे २०१७ रोजी ‘ऑपरेशन टेम्परर’ ही योजना अमलात आणली गेली. या योजनेनुसार लष्कराचे जवान अणुऊर्जा केंद्रे, शासकीय इमारती व तत्सम ठरावीक स्थळी पहाऱ्यावर उभे राहतात आणि त्यामुळे मोकळे झालेले सशस्त्र पोलीस गर्दीच्या ठिकाणी गस्त घालू शकतात. प्रारंभी सुमारे एक हजार जवान अशा रीतीने नेमण्यात आले. जवान पोलिसांच्या नियंत्रणाखाली काम करतात, ही या योजनेतील महत्त्वाची बाब होय. निवडणुकीच्या काळात रस्त्यावर लष्कर दिसणे हे कोणत्याही लोकशाहीत नाजूक प्रकरण असते. प्रचारसभांच्या बंदोबस्ताला गणवेषधारी पोलीस आणि स्थिर पहाऱ्याला जवान, अशी विभागणी केल्यामुळे लष्कर व राजकारण यांत अंतर राखले गेले.

धोक्याची पातळी कोणी ठरवावयाची, हा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. ब्रिटनमध्ये हे काम २००३ साली स्थापन झालेल्या संयुक्त दहशतवाद विश्लेषण केंद्राकडे आहे. गुप्तवार्तेच्या आधारे तज्ज्ञ अधिकारी ही पातळी ठरवितात. मंत्री ती ठरवीत नाहीत. सर्वोच्च पातळीचा अर्थ नजीकच्या काळात हल्ला होण्याची दाट शक्यता असा होतो आणि मे २०१७ पूर्वी ती २००६ व २००७ या वर्षांतच जाहीर झाली होती. मतदानाच्या तोंडावर अशी घोषणा सत्ताधारी पक्षाच्या नेत्यानेच ठरविली असती, तर तिच्या हेतूविषयी शंका घेतली गेली असती. निर्णय स्वतंत्र यंत्रणेचा असल्यामुळे तो विरोधकांनीही मान्य केला.

तपासाच्या गोपनीयतेचा प्रश्नही याच काळात पुढे आला. मँचेस्टर येथील स्फोटस्थळावरील अवशेषांची छायाचित्रे अमेरिकेतील एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अमेरिकी यंत्रणांना माहिती देणे काही काळ थांबविले. तपास चालू असताना कोणती माहिती बाहेर यावी, याचा निर्णय पोलिसांच्या हाती राहणे किती आवश्यक असते, हे यावरून दिसून आले.

स्थानिक पातळीवरही एक बाब उल्लेखनीय आहे. अँडी बर्नहॅम हे ४ मे २०१७ रोजी ग्रेटर मँचेस्टरचे पहिले महापौर म्हणून निवडून आले होते. पोलीस व गुन्हेविषयक आयुक्ताचे अधिकारही या पदाकडे होते. पदभार स्वीकारून तीन आठवडेही झाले नसताना त्यांना या आपत्तीला सामोरे जावे लागले. ते मजूर पक्षाचे व केंद्र सरकार हुजूर पक्षाचे असूनही शहराच्या शोककाळात दोन्ही पातळ्यांवरील शासनाने एकत्र काम केले.

६. पोलीसबळाचा वाद

प्रचार पुन्हा सुरू होताच पोलीसबळाचा प्रश्न केंद्रस्थानी आला. इंग्लंड व वेल्समधील ४३ पोलीस दलांत मार्च २०१० मध्ये सुमारे १,४४,००० अधिकारी होते. मार्च २०१७ मध्ये ही संख्या सुमारे १,२३,००० इतकी खाली आली होती. २०१० नंतरच्या खर्चकपातीच्या धोरणाचा हा परिणाम होता. थेरेसा मे २०१० ते २०१६ या काळात गृहमंत्री असल्याने या कपातीचे उत्तरदायित्व थेट त्यांच्यावर येत होते. २६ मे रोजीच्या भाषणात मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी पोलीस व आपत्कालीन सेवांवरील कपात मागे घेण्याचे आश्वासन दिले. त्याच भाषणात त्यांनी परराष्ट्रातील युद्धे व देशांतर्गत दहशतवाद यांच्यातील संबंधाचा मुद्दा मांडला. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी हा मुद्दा मांडल्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात दहा हजार नव्या पोलिसांचे वचन आधीच दिलेले होते.

या वादातील दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेणे आवश्यक आहे. सरकारचे म्हणणे असे होते की, दहशतवादविरोधी पोलीसकार्यासाठीच्या निधीला संरक्षण दिले गेले आहे, सशस्त्र पोलिसांची संख्या पुन्हा वाढविली जात आहे आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथील हल्ल्यांनंतर पोलिसांच्या एकूण निधीतील पुढील कपातही थांबविण्यात आली आहे. विरोधकांचे म्हणणे असे होते की, दहशतवादविरोधी कामाचा पहिला धागा वस्तीवरील साध्या पोलिसाकडे असतो. शेजारपाजारच्या लोकांशी त्याचा परिचय असतो, लोक त्याच्याजवळ शंका बोलून दाखवितात. असे पोलीस कमी झाले तर विशेष पथकांना माहिती मिळण्याचा मार्गच अरुंद होतो.

हा वाद दुःखाचे राजकारण होता काय? तसे म्हणणे योग्य ठरणार नाही. पोलिसांवर किती खर्च करावा हा निवडणुकीत चर्चिला जाण्याजोगाच प्रश्न आहे; किंबहुना मतदाराला त्यावर मत देण्याची संधी पाच वर्षांतून एखादाच वेळी मिळते. मात्र कपात झाली हे सिद्ध करणे आणि कपातीमुळेच हा विशिष्ट हल्ला झाला असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आकडेवारी पुरेशी असते. दुसरीसाठी सखोल चौकशी लागते आणि ती मतदानापूर्वीच्या काही दिवसांत होणे अशक्य असते.

७. चौकशीतून पुढे आलेली वस्तुस्थिती

पुढील वर्षांत झालेल्या चौकशांवरून हा भेद अधिक स्पष्ट होतो. डिसेंबर २०१७ मध्ये डेव्हिड अँडरसन यांनी त्या वर्षीच्या चार हल्ल्यांबाबत गुप्तवार्ता व पोलीस यंत्रणांनी केलेल्या अंतर्गत परीक्षणांचा आढावा प्रसिद्ध केला. मार्च २०१८ मध्ये लॉर्ड कर्स्लेक यांच्या अहवालाने मँचेस्टर येथील अग्निशमन दल घटनास्थळी सुमारे दोन तास उशिरा पोहोचल्याची गंभीर बाब उघड केली. त्यानंतर सर जॉन सॉन्डर्स यांच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीने जून २०२१, नोव्हेंबर २०२२ व मार्च २०२३ असे तीन खंडांत आपले निष्कर्ष मांडले.

पहिल्या खंडातील निष्कर्ष अरीनातील सुरक्षा व्यवस्थेविषयी होते. हल्लेखोर संशयास्पद रीतीने वावरत असताना त्याला रोखण्याच्या संधी हुकल्या आणि स्फोटापूर्वीच्या महत्त्वाच्या वेळेत त्या दालनात ब्रिटिश परिवहन पोलीस दलाचा एकही कर्मचारी हजर नव्हता, असे चौकशीत आढळले. दुसऱ्या खंडात आपत्कालीन सेवांमधील समन्वयाचा अभाव दाखविण्यात आला. तिसऱ्या खंडात अंतर्गत गुप्तचर संस्थेने कृती करण्याची एक महत्त्वाची संधी गमावल्याचे नमूद करण्यात आले. म्हणजेच नेमलेले मनुष्यबळ योग्य जागी योग्य वेळी असणे, माहितीचे वेळीच मूल्यमापन होणे आणि सेवांचा परस्परांशी संपर्क असणे, हे प्रश्न एकूण संख्येइतकेच निर्णायक होते. यावरून संख्येचा प्रश्न गौण होता असा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु प्रचारातील वाद जवळजवळ पूर्णतः संख्येभोवती फिरला आणि व्यवस्थेच्या गुणवत्तेचे प्रश्न त्यात आले नाहीत, हे मान्य करावे लागते.

या चौकशीचा व पीडित कुटुंबीयांच्या दीर्घ पाठपुराव्याचा परिणाम म्हणून सार्वजनिक जागांच्या सुरक्षेविषयीचा कायदा एप्रिल २०२५ मध्ये संमत झाला. दोनशे किंवा अधिक लोक जमू शकतील अशा जागांच्या व्यवस्थापनावर त्याने काही जबाबदाऱ्या टाकल्या असून मोठ्या जागांसाठी अधिक कडक तरतुदी केल्या आहेत. त्याच्या अंमलबजावणीसाठी किमान दोन वर्षांचा तयारीचा काळ ठेवण्यात आला. हल्ला ते कायदा हा प्रवास सुमारे आठ वर्षांचा आहे.

८. निकाल आणि पुढील निवडणूक

८ जून २०१७ च्या मतदानात हुजूर पक्षाला ३१७ व मजूर पक्षाला २६२ जागा मिळाल्या. सत्ताधारी पक्षाचे बहुमत गेले आणि उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या दहा सदस्यांच्या पाठिंब्यावर सरकार चालवावे लागले. सुरक्षेचा प्रश्न पुढे आला की मतदार सत्ताधाऱ्यांच्या पाठीशी उभा राहतो, हे गृहीतक येथे खरे ठरले नाही. अर्थात या निकालाला युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा प्रश्न, वृद्धांच्या देखभालीची योजना व खर्चकपातीविषयीची नाराजी अशी अनेक कारणे होती. केवळ हल्ल्यांवरून त्याचा अर्थ लावणे चुकीचे होईल.

पुढच्याच निवडणुकीत तोच प्रसंग पुन्हा आला. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी, मतदानाला दोन आठवडे उरले असताना, लंडन ब्रिजजवळ शिक्षेतून सशर्त मुक्त झालेल्या एका दहशतवाद्याने दोन तरुणांची हत्या केली. प्रचार अल्पकाळ थांबला, पण मुदतपूर्व सुटकेच्या नियमाची जबाबदारी कोणाची, यावरून लगेच वाद सुरू झाला. आपल्या मुलाच्या मृत्यूचा उपयोग अधिक कठोर शिक्षांच्या समर्थनासाठी होऊ नये, अशी भूमिका मृतांपैकी एकाच्या वडिलांनी जाहीरपणे मांडली. राजकीय पक्षांनी घ्यावयाच्या काळजीची ही सर्वांत बोलकी आठवण होती. निवडणुकीनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण लंडनमध्ये आणखी एक हल्ला झाल्यावर, दहशतवादी कैद्यांच्या मुदतपूर्व सुटकेवर निर्बंध घालणारा कायदा त्याच महिन्यात करण्यात आला. पोलीसबळाबाबत स्वतः हुजूर पक्षानेच २०१९ मध्ये वीस हजार अधिकाऱ्यांच्या भरतीचे वचन दिले व मार्च २०२३ पर्यंत ते पूर्ण केल्याचे जाहीर केले. २०१७ च्या प्रचारातील वादाने धोरणावर परिणाम केला, असे यावरून म्हणता येते.

९. तुलनात्मक दृष्टिक्षेप : स्पेन व भारत

स्पेनमध्ये ११ मार्च २००४ रोजी माद्रिद येथील लोकल गाड्यांत स्फोट होऊन १९० हून अधिक लोक ठार झाले. मतदान तीन दिवसांवर, १४ मार्च रोजी होते. प्रचार तात्काळ संपविण्यात आला. परंतु सरकारने बास्क फुटीरतावादी संघटनेवर ठपका ठेवण्याची घाई केली व तपासाची दिशा वेगळी असल्याचे दिसू लागल्यावरही ती भूमिका लवकर सोडली नाही. मतदानापूर्वीच्या शांततेच्या दिवशी लोकांनी सत्य जाणून घेण्यासाठी निदर्शने केली आणि निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला. येथील धडा तारखेविषयीचा नसून माहितीविषयीचा आहे. तपासाची माहिती राजकीय सोयीने दिली जात असल्याचा संशय आला की प्रचार थांबविल्याने निर्माण होणारा विश्वास नाहीसा होतो.

भारतातील व्यवस्था ब्रिटनपेक्षा वेगळी आहे. राज्यघटनेच्या ३२४ व्या कलमाने निवडणुकीचे संचालन निर्वाचन आयोगाकडे सोपविले आहे, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २८-अ कलमानुसार निवडणुकीच्या कामासाठी नेमलेले पोलीस त्या काळापुरते आयोगाच्या नियंत्रणाखाली असतात. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथील प्रचारसभेच्या ठिकाणी राजीव गांधी यांची हत्या झाली, तेव्हा पहिल्या टप्प्याचे मतदान आदल्याच दिवशी झाले होते. आयोगाने उर्वरित टप्पे १२ व १५ जूनपर्यंत पुढे ढकलले. असा अधिकार असलेली स्वतंत्र संस्था अस्तित्वात असल्यामुळेच हे शक्य झाले.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला सुरू झाला, तेव्हा काही राज्यांच्या विधानसभा निवडणुका चालू होत्या. मुंबईत चकमक सुरू असतानाच २७ नोव्हेंबर रोजी मध्य प्रदेशात मतदान झाले आणि २९ नोव्हेंबर रोजी दिल्लीत. उत्तरदायित्वाचा प्रश्न येथे मतपेटीपूर्वीच राजीनाम्यांच्या रूपाने पुढे आला : केंद्रीय गृहमंत्री, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व राज्याचे गृहमंत्री यांना पदे सोडावी लागली. राज्य पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी करण्यासाठी राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुढील वर्षीच्या लोकसभा निवडणुकीसाठी सुरक्षा दले गुंतलेली असल्याने इंडियन प्रीमियर लीगची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत हलविण्यात आली. मर्यादित सुरक्षाबळाचा पहिला वाटा निवडणुकीला द्यावयाचा, असा प्राधान्यक्रम त्यातून स्पष्ट झाला. फेब्रुवारी २०१९ मधील पुलवामा हल्ल्यानंतर आयोगाने सैन्यदलातील व्यक्तींची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना पक्षांना केली. ब्रिटनमध्ये जे संकेताने साधले जाते, ते भारतात आयोगाच्या निर्देशांनी साधण्याचा प्रयत्न होतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मतदानाची तारीख शक्यतो कायम ठेवणे आणि प्रचार अल्पकाळ थांबविणे ही ब्रिटनने स्वीकारलेली पद्धत सुरक्षा व लोकशाही हक्क या दोहोंना न्याय देणारी आहे. मात्र तारीख बदलण्याची वेळ आलीच, तर तो निर्णय सत्ताधारी पक्षाने नव्हे, तर स्वतंत्र संस्थेने घेणे इष्ट होय.

(२) प्रचारस्थगितीच्या काळात सत्ताधारी नेत्यांनी आपली निवेदने शोक, वस्तुस्थिती व तातडीची सुरक्षाव्यवस्था यांपुरती मर्यादित ठेवावीत. अन्यथा स्थगितीचे बंधन केवळ विरोधकांवर पडते.

(३) धोक्याची पातळी ठरविणे, तपासाची माहिती प्रसिद्ध करणे व बंदोबस्ताची आखणी हे निर्णय राजकीय प्रभावापासून दूर असले पाहिजेत. लष्कराची मदत घ्यावयाची झाल्यास ती पोलिसांच्या नियंत्रणाखाली व प्रचारस्थळांपासून दूर असावी.

(४) पोलीसबळ, निधी व कायदे यांविषयीची चर्चा ही निवडणुकीतील वैध चर्चा आहे. तिच्यावर बंदी घालणे म्हणजे उत्तरदायित्वावर बंदी घालणे होय. परंतु विशिष्ट हल्ल्याचे कारण व दोष निश्चित करण्याचे काम प्रचाराने आपल्याकडे घेऊ नये.

(५) पोलिसांचा प्रतिसाद काही मिनिटांत द्यावा लागतो, प्रचार काही आठवडे चालतो आणि चौकशीला वर्षे लागतात. मतदारांनी या तिन्हींकडून एकाच वेळी एकच उत्तर अपेक्षिणे योग्य नाही. म्हणून हल्ल्यानंतर स्वतंत्र चौकशीचे व तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे आश्वासन सर्व पक्षांनी मतदानापूर्वीच द्यावे. तसे झाल्यास मृतांच्या कुटुंबीयांना उत्तरे मिळण्याची हमी मिळेल आणि निवडणूक संपताच प्रश्न विसरले जाण्याचा धोका कमी होईल.